गेटवरचा माणूस आणि मैना घोडी

मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझ्याकडे कमी आणि आमच्या गॅसच्या नळीकडे जास्त पाहिलं. पोहे खाऊन झाले, दोन्हीकडची मंडळी नातीगोती जुळवत बसली, आणि हे पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन म्हणाले, "नळीवरची तारीख उलटून गेली आहे. बदलून घ्या." माझ्या आईला वाटलं, मुलगा काळजी घेणारा आहे. मला वाटलं, हा माणूस पोलिसात हवा होता. दोघींचंही खरं निघालं.

समाधान ओव्हाळ चाकणच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही. कलिंगड घेताना ते आधी वाजवून बघतात, मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, आणि मग त्याने न दाखवलेलं दुसरंच उचलतात. जुनी अल्टो घ्यायला गेलो तेव्हा ह्यांच्या खिशात लोहचुंबक होतं, पत्र्यावर कुठे पुट्टी भरलीय ते बघायला. मागच्या दाराला चुंबक चिकटलं नाही. विकणारा म्हणाला, "साहेब, असं बघणारे तुम्ही पहिलेच." हे वाक्य ह्यांनी जपून ठेवलंय. पाहुणे आले की ऐकवतात.

मी चिडते, पण ह्यांच्या संशयाला एक मूळ आहे आणि ते मला ठाऊक आहे. माझे सासरे पिंपरीला एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या गेटवर ठरावीक लोकांनाच बाजूला घ्यायचे. सासऱ्यांचा डबा रोज उघडला जायचा आणि मागून येणारे हात हलवत बाहेर पडायचे. एकदा डब्यात उरलेली भाकरी पहारेकऱ्याने काठीच्या टोकाने उलटून पाहिली. त्या दिवशी सासरे घरी आले आणि न जेवता झोपले. हे तेव्हा शाळेत होते. पुढे स्वतःच्या हातात गेट आलं तेव्हा ह्यांनी एकच नियम केला, झडती सगळ्यांची आणि सारखी. मॅनेजरच्या गाडीची डिकीसुद्धा उघडायला लावतात. त्यापायी दोनदा बढती हुकली, पण नियम मोडला नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्यांना कितीही बोलून घेतलं तरी मनातून मान देते.

आता त्यांच्या कामाची रीत सांगते, कारण पुढे तिचाच घोळ झाला. गेटवर जमिनीवर एक पिवळी पट्टी आखलेली आहे. कुणाच्या पिशवीत तांब्याची तार आहे हे कळलं, तरी तो पट्टीच्या आत असेपर्यंत त्याला हटकायचं नाही. आत हटकलं की तो म्हणतो, "साहेब, परत ठेवायलाच चाललो होतो." त्याला पट्टी ओलांडू द्यायची, हसून "काय राव, सुटली का शिफ्ट?" विचारायचं, आणि बाहेर पाऊल पडलं की मनगट धरायचं. "माहिती लगेच खर्च करायची नसते," हे ह्यांचं आवडतं बोलणं.

ही रीत घरीही आली. आमची दीक्षा लहान होती तेव्हा बाहेरून खेळून आली की दारातच आपणहून दोन्ही हात वर करून उभी राहायची. शेजारीपाजारी हसायचे, मीही हसायचे. आठवीत गेली तशी ती हात वर करेनाशी झाली, पण दप्तर मात्र रोज उघडलं जाई. हळूहळू घरात तिचं बोलणं कमी झालं. शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही" आणि मैत्रिणींचं विचारलं तर "बऱ्या आहेत". आईला अशा उत्तरांचा अर्थ कळतो. ह्यांना वाटलं, पोरगी शहाणी झाली.

मी पिंपळे सौदागरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. तिथे तपासणीला आलेल्या एका तरुणाने काउंटरवर एक कागद ठेवला. कुरुळीच्या पुढे त्याचा घोडेस्वारीचा छोटा क्लब होता. नवशिक्या मुलांसाठी शनिवार-रविवार रायडिंग क्लिनिक भरवत होता, पहिला दिवस फुकट. तरुणाचं नाव केयूर. सुई टोचताना डोळे मिटणारा माणूस घोड्यावर कसा बसतो ह्याचं मला नवल वाटलं, म्हणून तो कागद मी घरी आणला. दीक्षाने वाचला आणि कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून एक अख्खं वाक्य निघालं. "मम्मी, मला जायचंय. प्लीज, पप्पांना तू सांग."

ह्यांनी कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"फुकट का?"

"पहिला दिवस फुकट. लोकांना आवड लागावी म्हणून."

"आणि क्लिनिक का म्हणतात? शिकवणी म्हणा. आजारी कोण आहे?"

"अहो, तसं म्हणतात जगभर."

"जगभर काय काय म्हणतात," हे म्हणाले. पण रविवारी रहाटणीहून गाडी काढली ती स्वतःच, कारण आम्हाला एकटं पाठवायचं म्हणजे विषाची परीक्षा.

क्लब म्हणजे दोन वर्कशॉपच्या मागची मोकळी जागा. पत्र्याखाली सात-आठ घोडे, बांबूचं कुंपण घातलेलं मैदान, आणि एका टोकाला टेकाडावर चढत जाणारा मुरमाचा रस्ता. केयूर सर मुलांना पहिल्यापासून सगळं शिकवत होते. घोड्याच्या मागून जायचं नाही. डाव्या बाजूने चढायचं. रिकिबीत फक्त पायाचा पुढचा भाग ठेवायचा. चढण्याआधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळलेला पट्टा, दोनदा तपासायचा, कारण घोडे आवळताना पोट फुगवून ठेवतात आणि मग श्वास सोडतात. हे ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. घोडासुद्धा फसवतो, हे त्यांना फार पटलं.

तरी चौकशी थांबली नाही. हेल्मेट अंगठ्याने दाबून पाहिलं. बूट कुणी कुणी आधी घातलेत ते विचारलं. दीक्षाला जी घोडी दिली तिचं नाव मैना. करड्या रंगाची, वयाने पोक्त आणि डोळ्यांनी शांत. दीक्षा तिच्या मानेवरून हात फिरवत तिच्याशी हळू आवाजात काही तरी बोलत राहिली. इतकं ती आमच्याशी वर्षभरात बोलली नव्हती. मी मान वळवून दुसरीकडे पाहिलं, कारण मला रडू येत होतं.

"घोडी कुठून आणलीत?" ह्यांनी केयूर सरांना विचारलं. त्या दिवसानंतर आम्ही दर रविवारी जाऊ लागलो होतो, हा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातला प्रश्न. तोवर दीक्षा दुडक्या चालीपर्यंत आली होती.

केयूर सर जरा घुटमळले. "काका, चांगली आहे घोडी. तुम्ही दीक्षालाच विचारा ना."

झालं. ह्या एका वाक्यावर ह्यांनी महिनाभर रवंथ केला. "मालकाला विचारलं तर लेकराकडे बोट दाखवतो. काही तरी लपवतोय." दीक्षाला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत?" आणि पुस्तकात तोंड घातलं. ह्यांना मैनाचं वागणंही खटकू लागलं होतं. गावच्या देवळावर भोंगा वाजला की ती कान टवकारायची. मुरमाच्या रस्त्यासमोर आली की पावलांची चुळबूळ करायची. त्यातच एकदा दीक्षाच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. ती म्हणाली, शाळेत बेंच लागला. ह्यांनी बेंचची उंची विचारली, कोपरा विचारला, कुठल्या तासाला लागला तेही विचारलं. पोरगी जेवणावरून उठून गेली. त्या रात्री हे मला म्हणाले, "तो केयूर मारत तर नसेल ना?" मी म्हटलं, "ज्याला सुईची भीती वाटते तो मारेल काय?" पण खोटं कशाला बोलू, संशय नायट्यासारखा असतो. दुसऱ्या रविवारी मीही केयूर सरांच्या हातांकडे बघत बसले होते.

आतून पाहायचं म्हणून केयूर सरांनी पालकांसाठी ठेवलेल्या क्लिनिकला हे स्वतःच बसले. पन्नाशीला टेकलेला माणूस, कंपनीचे सेफ्टी शूज, डोक्यावर उसनं हेल्मेट. घोडा म्हातारा आणि गरीब होता. ह्यांनी चढल्या चढल्या लगाम असा आवळून धरला की घोडा मागे मागे चालू लागला. बाकीचे पालक पुढे चालले होते आणि आमचे ओव्हाळ मैदानाला उलटी प्रदक्षिणा घालत होते.

"काका, हात सैल सोडा," केयूर सर म्हणाले.

"सोडला आणि पळाला तर?"

"तो नाही पळणार. आणि पळालाच तर आवळून थांबतो असंही नाही."

हे ह्यांना मुळीच आवडलं नाही. उतरून म्हणाले, "बोलण्यात पक्का आहे माणूस."

दिवाळीनंतर क्लबने नवशिक्यांचा शो ठरवला. शो म्हणजे फार काही नाही. मुलांनी एकेक करून यायचं, मैदानाला फेरी मारायची, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या दांड्या न अडखळता ओलांडायच्या, थोडं दुडक्या चालीने जायचं आणि चुन्याच्या वर्तुळात घोडा थांबवायचा. पण दीक्षाचं जेवणखाण सुटलं त्या नादात. पालकांच्या संमतीशिवाय भाग घेता येणार नव्हता. ह्यांनी सही करायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. ती रोज सकाळी ह्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि हे पेपर वाचायचे.

मग केयूर सरांनी पालकांना विचारलं, माइकवर नावं पुकारायला कुणाच्या ओळखीत कुणी आहे का. हे ताडकन म्हणाले, "आहे. आमच्या गेटवरचा धोंडीबा. सोसायटीच्या कार्यक्रमात बोलतो, आवाज चांगला आहे."

धोंडीबाचा आवाज चांगला आहे हे खरंच. पण सोसायटीच्या कार्यक्रमाचं ह्यांनी मनानेच ठोकून दिलं. धोंडीबा कुरुळीचा, जुन्या घरातला. यात्रांचा हंगाम आला की तो रजा टाकून गावोगाव बैलगाडा शर्यतीत पुकारायला जातो. त्याचं नाव घेतलं की चार गावं ओळखतात, केयूर सरांना मात्र ते ठाऊक नव्हतं. हे का लपवलं असं मी घरी विचारलं, तर म्हणाले, "घोड्याबैलातला माणूस आहे म्हटलं की तो केयूर सावध होईल. धोंडीबा जनावरं ओळखतो. आपला माणूस आत असलेला बरा."

म्हणजे पोरीच्या शोमध्ये ह्यांनी हेर पेरला. जगात सगळ्यांची झडती घेणाऱ्या माणसाने धोंडीबाची मात्र कधी घेतली नाही. वीस वर्षं एका गेटवर उभे राहिलेले दोघं. मला ते त्या वेळी बरंच वाटलं, निदान एका माणसावर तरी ह्यांचा विश्वास आहे.

शोच्या आधीच्या रविवारी धोंडीबा जागा बघायला आला. मैनाजवळ गेला, तिच्या डाव्या कानाची चीर बघितली आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, ही घाटातली हाय."

"कशावरून?"

"अहो, हिच्या बाऱ्या मी पुकारल्यात. बैलांच्या म्होरं पळायची ही. लई नावाजलेली घोडी व्हती."

आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी पळते, वर स्वार असतो. खालून हाळी झाली की ती चढावर जीव खाऊन सुटते, बैल तिच्या मागे. अशा एका धावेला बारी म्हणतात आणि त्या चढाच्या धावपट्टीला घाट. माथा आला की घोडी आपोआप थांबते. मैना अशी घोडी होती.

"सरांस्नी सांगू का?" धोंडीबाने विचारलं.

"गप्प बस," हे म्हणाले. "कुणाला बोलायचं नाही. शोच्या दिवशी सगळ्या पालकांसमोर विचारतो त्याला, की शर्यतीची घोडी लेकरांना कशी देतोस."

आणि घरी येऊन, इतके दिवस अडवलेली संमतीची सही ह्यांनी करून टाकली. दीक्षा ह्यांच्या गळ्यातच पडली. मी म्हटलं, चला, पाझर फुटला. मला काय ठाऊक, पोरीला पिवळी पट्टी ओलांडू दिली जातेय ते.

शोच्या सकाळी मैदानाला पताका लावल्या होत्या. पन्नासेक माणसं, बहुतेक आयाबाप, हातात मोबाइल. मोशी, चिखली, पिंपळे सौदागर, कुठून कुठून आलेले. केयूर सरांनी धोंडीबाला माइक देताना सांगितलं, "काका, हळू आवाजात बोला. घोडे बुजतात." धोंडीबाने मान डोलावली आणि खरोखरच शाळेतल्या बाईंसारखा हळू हळू नावं घेऊ लागला. हे कुंपणाला टेकून उभे, चेहऱ्यावर गेटवरचं हसू. ते हसू मला ओळखीचं होतं. मी विचारलं, "काय झालंय?" तर म्हणाले, "कार्यक्रम होऊ दे."

दीक्षा आली. पांढरा शर्ट, हेल्मेटखाली घट्ट वेणी. फेरी नीट झाली. एकेक दांडी मैना पाय उचलून ओलांडत गेली, जणू घरातल्या झोपलेल्या माणसांना. दुडकी चालही बसली. आता फक्त वर्तुळात थांबायचं होतं. दीक्षा ओठ घट्ट मिटून वर्तुळाकडे वळली आणि तिथे धोंडीबाचा ताबा सुटला. पोरगी आपल्या साहेबांची, घोडी आपल्या घाटातली, आणि इतकं देखणं काम. वीस वर्षांची सवय त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"झाऽऽली, झाली, झाली, झाली... भिर्रर्रर्र!"

मैनाने कान मागे टाकले. पुढचं मी पाहिलं आणि नाहीही. कुंपणाचा बांबू आडवा झाला, मुरमाच्या रस्त्याचा धुरळा उठला आणि त्या धुरळ्यात पांढरा शर्ट वर वर जाताना दिसला. कोणीतरी किंचाळलं, बहुतेक मीच. हे धावत सुटले, केयूर सर त्यांच्या पुढे, आणि सगळ्यांच्या मागे हातात माइक तसाच धरून धोंडीबा. त्याच्या धापा सगळ्या मैदानाला ऐकू येत होत्या.

टेकाडाच्या माथ्यावर मैना थांबली, शर्यत जिंकून थांबायची तशी. ती थांबली आणि दीक्षा मानेवरून घसरून खाली आली. कोपर सोललं, गुडघ्याला मुरूम लागला, बाकी लेकरू सुखरूप होतं. तिने लगाम सोडला नव्हता. मी वर पोचले तेव्हा ती घोडीलाच म्हणत होती, "काही नाही, काही नाही."

धोंडीबा खाली बसला आणि डोक्यावर हात मारून घेतला. "चुकलं माजं. लेकरा, लई मोठी चूक झाली माजी."

केयूर सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "काका, ही हाळी तुम्हाला कशी येते?"

"घाटात पुकारतो की मी. साहेबांनी सांगितलं न्हाई?"

केयूर सर ह्यांच्याकडे वळले. ह्यांनी घसा साफ केला. ज्या प्रश्नाची आठवडाभर तयारी केली होती तो त्यांनी विचारलाच. "आधी तुम्ही सांगा. घाटातली घोडी मुलांना देता, हे पालकांना का नाही सांगितलं?"

"सगळ्यांना सांगितलंय," केयूर सर म्हणाले. "पहिल्याच महिन्यात. म्हणून तर इथे हलगी नाही, शिट्टी नाही, कुणी ओरडत नाही. तेवढं सांभाळलं तर हिच्याइतकी समजूतदार घोडी माझ्याकडे दुसरी नाही. फक्त तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"का?"

"मी नको म्हणाले होते," दीक्षा म्हणाली. "तुम्ही मैना सोडायला लावली असती. क्लास बंद केला असता." मग ती थांबली. तिचं लक्ष धोंडीबाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे गेलं, मग ह्यांच्याकडे. "पप्पा, तुम्हाला माहीत होतं? घाटातली आहे ते?"

धोंडीबानेच मान खाली घालून सांगितलं, "मागच्या रव्वारी मीच बोललो व्हतो, लेकरा."

"मग मला का नाही सांगितलं?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वर मी बसणार होते ना."

"मी पकडणार होतो," हे म्हणाले.

"कुणाला?"

मला इतका राग आला होता की त्या टेकाडावरून ह्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. ज्या माणसाच्या बापाची भाकरी काठीने उलटली होती, त्याने आपल्या लेकीला सापळ्यातलं आमिष केलं होतं. मुद्दाम नाही, मला ठाऊक आहे. पण केलं होतं.

जखमेला औषध लावून झालं. मोठ्या लोकांना वाटलं, आता घरी जायचं. दीक्षा म्हणाली, "सर, माझं वर्तुळ राहिलंय."

केयूर सरांनी शोसाठी बोलावलेल्या परीक्षकांना विचारलं. नवशिक्यांना पुन्हा संधी मिळत होती, पण ह्या वेळी घरच्या किंवा ओळखीच्या कुणीतरी घोडीची दोरी धरून सोबत चालायला हवं होतं. लहान मुलांच्या बाबतीत तशी पद्धतच असते. हे लगेच पुढे झाले आणि त्यांनी दोरीला हात घातला.

"पप्पा नको," दीक्षा म्हणाली.

"मग मम्मी?" केयूर सरांनी विचारलं. मला घोड्याच्या जवळ जायची भीती वाटते हे तिला माहीत होतं. तिने मान हलवली.

"धोंडीबाकाका चालतील."

"मी?" धोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं माज्यामुळंच तर..."

"तुम्ही चुकलात, काका," ती म्हणाली. "लपवलं नाही काही."

ह्यांनी दोरी सोडली. मी पाहिलं, सोडताना बोटं एकेक करून सुटली. लग्नानंतर सासरे गेले तेव्हा ह्यांचा चेहरा असा झाला होता, त्यानंतर आजच. राग होता तरी मला त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण मी गेले नाही. काही गोष्टी माणसाने एकट्यानेच उभं राहून ऐकायच्या असतात.

आता पुकारायला कुणी नव्हतं. माइक कुंपणावर पडला होता. केयूर सरांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि काय मनात आलं त्यांच्या, तो उचलून ह्यांच्या हातात दिला. "नाव तेवढं घ्या, काका."

ह्यांनी माइक हातात उलटसुलट करून पाहिला. सवयच ती. मग तोंडाजवळ नेला.

"पुढची स्पर्धक, दीक्षा समाधान ओव्हाळ. घोडी, मैना." तिथे थांबायला हवं होतं. हे थांबले नाहीत. "ही घोडी घाटातली आहे. शर्यतीच्या आवाजाला पळते. मुलीचं होईपर्यंत कुणी ओरडू नये. टाळ्या वाजवू नयेत. मोबाइल बंद करावेत." मग त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "घोडीचं मला मागच्या रविवारपासून माहीत होतं. मी मुलीचा बाप आहे, आणि मी सांगितलं नव्हतं."

मैदानात माणसं होती की नाही कळू नये इतकी शांतता झाली. दीक्षाने मान वळवून एकदा माइककडे पाहिलं, मग पुढे. धोंडीबा दोरी सैल धरून मैनाच्या खांद्याजवळून चालत होता, अनवाणी, कारण धावताना त्याच्या चपला टेकाडावर राहिल्या होत्या. फेरी झाली, दांड्या झाल्या, वर्तुळ आलं. मैना आत जाऊन उभी राहिली आणि जोराने फुरफुरली. कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी नुसते हात वर करून हलवले, कुणी शिकवलं नसताना.

बक्षीस काही मिळालं नाही. भाग घेतलेल्या सगळ्यांना एकेक हिरवी फीत दिली, तीच तिलाही. धोंडीबाने तिच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला तेव्हा ती खाली वाकून त्याच्याच पाया पडली.

परतताना हे गाडी चालवत होते, मी शेजारी, दीक्षा मागे हेल्मेट मांडीवर घेऊन. मोशीच्या चौकात नेहमीसारखी गर्दी होती, बस आडवी लागलेली, दुचाक्या मधून घुसत होत्या. गाडी उभी होती तेव्हा मागून आवाज आला.

"पप्पा."

"हं."

"तो डाग बेंचचा नव्हता. मैना चावली होती. गाजर द्यायला मी उशीर केला म्हणून."

मी डोळे मिटले. आता सुरू होईल. कधी, किती वाजता, कोण होतं, सरांना कळलं का, मग आमच्याशी खोटं का बोललीस. ह्यांचे हात स्टिअरिंगवर होते. आरशात त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा गाडी पुढे घेतली.

"दुखलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं," ती म्हणाली.

"बरं," हे म्हणाले, आणि रहाटणी येईपर्यंत दुसरा प्रश्न विचारला नाही.